हरत आलेला डाव : अलेक्सिओस कोम्नेनोसची सत्तावीस वर्षे

धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’ हा २००६ साली आलेला संगणकीय खेळ. यातील लढाया डोळ्यांसमोर प्रत्यक्ष घडतात, परंतु राज्यकारभाराचा नकाशा पाळीपाळीने चालतो. आपण आपली चाल करावी, मग युरोपातील आणि पश्चिम आशियातील बाकीची राज्ये आपापली चाल करतात. एका पाळीत दोन वर्षे सरतात. खेळ इ. स. १०८० मध्ये सुरू होतो आणि १५३० मध्ये संपतो.

गेल्या पावसाळ्यात मी यात बायझंटाइन साम्राज्य घेऊन बसलो होतो. विसाव्या पाळीच्या आत ग्रीसमधली शहरे सिसिलीच्या नॉर्मनांनी घेतली, निकिया तुर्कांकडे गेले, व्हेनिसची जहाजे बंदर अडवून बसली आणि खजिन्याचा आकडा उणे झाला. खजिना उणे झाला की या खेळात एकही नवा शिपाई भरती होत नाही. हाती उरले ते एकटे कॉन्स्टँटिनोपल.

तो डाव मी सावरला, आणि कसा सावरला ते सांगण्यासारखे आहे, कारण त्यात पराक्रम काहीच नव्हता. महागडे घोडदळ मोडून टाकले. वकील पाठवून दूरच्या राजांना नकाशांची माहिती विकली. व्हेनिसला मागेल त्या सवलती देऊन तह केला. तुर्कांशीही तह केला. मग उरलेल्या एका शत्रूकडे वळलो. डाव वाचल्यावर लक्षात आले की हे सारे कोणीतरी आधी करून गेले आहे. आणि त्याने ते केले तेव्हा मागील पाळीवर परतण्याची सोय नव्हती.

त्याचे नाव अलेक्सिओस कोम्नेनोस. खेळ सुरू होतो त्याच्या पुढच्याच वर्षी, १०८१ मध्ये, तो सम्राट झाला.

साम्राज्य त्या अवस्थेला आले कसे, हे प्रथम पाहू. बहुतेक पुस्तके २६ ऑगस्ट १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईकडे बोट दाखवतात. सम्राट रोमानोस दिओगेनिस तिथे सेल्जुक सुलतान आल्प अर्स्लान याच्या हाती जिवंत सापडला. त्याच वर्षी इटलीतील शेवटचे बायझंटाइन ठाणे बारी नॉर्मनांनी घेतले. परंतु मांझिकर्टमध्ये साम्राज्य बुडाले हे म्हणणे मला पटत नाही. सुलतानाने सम्राटाला काही दिवसांतच सोडून दिले होते. त्याच्या अटीही साम्राज्य गिळणाऱ्या नव्हत्या. राजधानीत मात्र तोवर दुसरा सम्राट बसला होता. परतणाऱ्या रोमानोसशी त्याच्याच लोकांनी युद्ध केले, त्याला पकडून त्याचे डोळे काढले, आणि त्या जखमांनी तो मेला.

पुढची दहा वर्षे हेच चालले. एक सेनापती बंड करी, दुसरा ते मोडी, तिसरा त्या गडबडीत राजधानीवर चालून येई. प्रत्येकाला सैन्य हवे होते, आणि आनातोलियात सर्वांत स्वस्त सैन्य तुर्कांचे. गृहयुद्धातील पक्षांनी स्वतःच्या हातांनी तुर्की टोळ्यांना तटबंदीच्या आत नेऊन ठेवले. ज्या शहरांचे दरवाजे असे आतून उघडले गेले, त्यांत निकिया होते. सुलेमान इब्न कुतुलमिशने तेथेच आपली गादी स्थापली. कॉन्स्टँटिनोपलपासून हे अंतर थोड्या दिवसांच्या वाटचालीचे.

नाण्यांची कथा याहून बोलकी. बायझंटाइन सोन्याचे नाणे, नोमिस्मा, शतकानुशतके जवळजवळ चोवीस कॅरेटचे होते. भूमध्य समुद्राच्या काठी कोठेही ते डोळे मिटून घेतले जाई. अकराव्या शतकाच्या मध्यापासून त्यात चांदी आणि तांबे मिसळू लागले, आणि १०८० च्या दशकात त्यात सोने केवळ नावाला उरले. याच काळातील सम्राट सातवा मिखाइल याला लोकांनी ‘पाव कमी’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते, कारण एका नाण्यात पूर्वीइतके धान्य येईना, पाव माप कमी येई. बाजारातले लोक राजाला टोपणनाव देतात तेव्हा त्यात बखरकारापेक्षा अचूक नोंद असते.

अलेक्सिओसचे राज्यारोहणही काही निर्मळ नव्हते. हा पंचविशीच्या आतबाहेरचा सेनापती स्वतःच बंड करून आला. १ एप्रिल १०८१ रोजी तटाच्या एका बुरुजावरील जर्मन रक्षकांना फितवून त्याचे सैन्य आत शिरले आणि त्या सैन्याने आपलीच राजधानी लुटली. तीन दिवसांनी ईस्टरच्या दिवशी त्याचा राज्याभिषेक झाला. लुटीचे प्रायश्चित्त म्हणून नव्या सम्राटाने चाळीस दिवस राजवस्त्राखाली गोणपाट घातले आणि उशाला दगड घेऊन जमिनीवर झोप घेतली. हे आपल्याला त्याची मुलगी आन्ना कोम्नेनी सांगते. वडिलांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी तिने त्यांचे चरित्र लिहिले. या काळाचा आपला सर्वांत मोठा आधार तोच ग्रंथ आहे, आणि मुलीने लिहिलेला आहे हे विसरून चालत नाही. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. वडिलांचे पराभव ती लपवत नाही. उलट रंगवून सांगते.

पहिला पराभव सहा महिन्यांतच आला. दक्षिण इटलीचा नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार मुलगा बोहेमंड याला घेऊन एड्रियाटिक समुद्र ओलांडून आला. त्याने डिर्राखिऑनला वेढा घातला. आजच्या अल्बानियातील ड्युरेस ते हेच. तेथून थेट राजधानीपर्यंत जुना रोमन रस्ता जात असल्याने हे बंदर पडले तर बाल्कनचे दार उघडे. व्हेनिसच्या आरमाराने नॉर्मन जहाजांना समुद्रावर चोप दिला होता. अलेक्सिओसने सुलेमानशी घाईने तह करून पूर्वेकडचे उरलेसुरले सैन्य उचलले आणि तो पश्चिमेकडे धावला.

छावणीत मसलत झाली. वयोवृद्ध सरदारांचे म्हणणे पडले की लढू नये, वाटा रोखाव्यात, रसद तोडावी, नॉर्मन उपाशी मरतील. तरुण सरदारांना लढाई हवी होती. सम्राट तरुणांच्या बाजूने गेला.

१८ ऑक्टोबर १०८१. बायझंटाइन फळीच्या पुढे वॅरँजियन रक्षकदल होते. लांब दांड्याच्या कुऱ्हाडी घेऊन पायी लढणारी ही परदेशी माणसे, आणि त्यांत १०६६ नंतर नॉर्मनांच्या भयाने देश सोडून आलेले इंग्रज होते. इंग्लंडात ज्यांनी घर घेतले त्यांचेच भाऊबंद पंधरा वर्षांनी समोर उभे होते. ती माणसे इतक्या त्वेषाने पुढे गेली की समोरची नॉर्मन बगल समुद्रापर्यंत मागे रेटली गेली. परंतु त्या धावण्यात ती मुख्य सैन्यापासून तुटली. दमलेल्या अवस्थेत त्यांच्यावर बाजूने हल्ला झाला. वाचलेले एका चर्चमध्ये शिरले, आणि नॉर्मनांनी ते चर्च पेटवले. हे सारे होत असता सर्बियन मित्रसैन्य नुसते पाहत राहिले आणि तुर्की पथके निघून गेली. सम्राट स्वतः पाठलाग चुकवत जेमतेम निसटला. फेब्रुवारी १०८२ मध्ये डिर्राखिऑन पडले.

खेळात अशी पाळी आली की खेळाडू नवे सैन्य उभारायला धावतो. अलेक्सिओसकडे त्यासाठी पैसाच नव्हता. त्याची आई आन्ना दालासिनी हिला त्याने १०८१ मध्येच सनद देऊन राज्याचा सारा मुलकी कारभार सोपवला होता. ही बाई आणि सम्राटाचा थोरला भाऊ इसाक यांनी आधी घरातले सोने-चांदी टाकसाळीत वितळवले. ते पुरेना, तेव्हा चर्चच्या भांड्यांकडे हात गेला. खाल्केदोनचा बिशप लेओन याने भर सभेत कडाडून विरोध केला. हे प्रकरण पुढे अनेक वर्षे धुमसत राहिले. पवित्र भांडी वितळवणाऱ्या राजाची त्या समाजात काय अप्रतिष्ठा होत असेल, याची कल्पना आजच्या माणसाला येणे अवघड आहे. अलेक्सिओसला ती पुरती होती.

या पैशांतील मोठा भाग त्याने आपल्या सैन्यावर खर्च केला नाही. तो जर्मनीला गेला. राजा चौथा हेन्री याला आन्नाच्या आकड्याप्रमाणे १,४४,००० सुवर्णनाणी आणि रेशमी वस्त्रांचे शंभर नग पाठवण्यात आले. अट एकच, इटलीवर चालून जावे. हेन्रीचे पोपशी वैर होतेच, आणि पोपचा पाठीराखा गिस्कार. हेन्री निघाला. गिस्कारच्या मुलखात बंडही पेटले. १०८२ च्या वसंतात गिस्कारला मोहीम बोहेमंडवर सोपवून इटलीला परतावे लागले. जो शत्रू मैदानात हटला नसता, तो त्याच्या घराला आग लावून हटवला. संपूर्ण कथेतील सर्वांत महाग आणि सर्वांत उपयुक्त चाल हीच, असे माझे मत आहे.

पण बोहेमंड होता. त्याने त्याच वर्षी अलेक्सिओसला दोनदा हरवले, एकदा यानिना येथे आणि एकदा आर्टा येथे. नॉर्मन घोडेस्वारांचा पहिला धक्का कोणाला झेलत नसे. भाले लावलेल्या गाड्या पुढे ढकलून पाहिल्या, जमिनीवर लोखंडी काटे पेरून पाहिले. बोहेमंडला दोन्हीची आधीच बातमी लागली आणि त्याने बगलेने वळसा घातला.

तीन पराभव पदरी घेऊन अलेक्सिओस १०८३ मध्ये लारिसाला आला. या शहराभोवती बोहेमंडचा वेढा सहा महिने पडून होता. सम्राटाने सुलेमानकडून सात हजार तुर्क मागवले होते. या खेपेस त्याने वेगळा विचार केला. धक्का झेलायचाच नाही. आपली राजचिन्हे, निशाणे आणि मुख्य सैन्य त्याने मेहुणा निकिफोरोस मेलिसिनोस आणि दुसऱ्या एका सरदाराच्या हवाली केले आणि आज्ञा दिली, की नेहमीसारखे समोर उभे राहावे आणि नेहमीसारखे पळावे. स्वतः निवडक लोक घेऊन रात्रीत दडून बसला.

सकाळी बोहेमंडला निशाण दिसले. सम्राट तेथेच असणार, म्हणून तो तुटून पडला. बायझंटाइन सैन्य पळाले, आणि यात संशय येण्यासारखे काही नव्हते, कारण ते खरोखरच दरवेळी पळत असे. नॉर्मन पाठलागात दूर गेल्यावर अलेक्सिओसने त्यांची रिकामी छावणी ताब्यात घेतली. आन्ना लिहिते, की ही बातमी पोहोचली तेव्हा बोहेमंड नदीतल्या एका बेटावर द्राक्षे खात बढाया मारत बसला होता. द्राक्षांचा तपशील खरा असो वा नसो, लिहिताना मुलीला झालेला आनंद खरा आहे. पुढे तिरंदाजांना हुकूम होता की स्वारावर बाण सोडू नयेत, घोड्यावर सोडावेत. चिलखतातला नॉर्मन घोड्यावरून उतरला की जड, चालायला अवघड असा नुसता एक माणूस राही.

यानंतरची चाल माझ्या विशेष आवडीची. सम्राटाने बोहेमंडच्या सरदारांना गुप्तपणे सुचवले, की थकलेला पगार मागा. त्यांनी मागितला. बोहेमंडकडे द्यायला काही नव्हते. पैसे आणण्यासाठी तो किनाऱ्याकडे गेला आणि त्याच्या माघारी १०८३ च्या अखेरीस कास्टोरियाच्या किल्ल्यातील नॉर्मन शरण आले. स्वतःच्या तिजोरीचा खडखडाट ऐकत बसलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या तिजोरीचा खडखडाट इतक्या दुरून ऐकू येत असावा. गिस्कार १०८४ मध्ये पुन्हा आला खरा, परंतु १७ जुलै १०८५ रोजी केफालोनिया बेटावर तापाने मेला. नशिबाचा भाग येथे मान्य केला पाहिजे. तो जगता तर हा धागा कदाचित लिहिता आला नसता.

डिर्राखिऑन परत मिळाले. पण व्हेनिसची किंमत द्यायची होती. सामान्यतः १०८२ ची मानली जाणारी (काही अभ्यासक ती दहा वर्षे पुढे नेतात) एक सुवर्णमुद्रांकित सनद आहे. तिने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना साम्राज्यातील प्रमुख बंदरांत व्यापारावरील जकात माफ झाली. ही जकात दहा टक्के होती, आणि सम्राटाच्या स्वतःच्या प्रजेला ती भरावीच लागे. शिवाय राजधानीत गोल्डन हॉर्न या खाडीकाठी व्हेनिसला दुकाने आणि जहाजे लावायला तीन धक्के मिळाले. याकडे नंतर येऊ.

उत्तरेकडून आता पेचेनेग आले. ही डॅन्यूबपलीकडची भटकी घोडेस्वार जमात. १०८७ मध्ये ड्रिस्ट्रा येथे अलेक्सिओस पुन्हा साफ हरला. पळताना हातातले मेरीमातेचे पवित्र वस्त्र सांभाळता येईना, तेव्हा त्याने ते एका झुडपात लपवून ठेवले. १०९०-९१ चा हिवाळा सर्वांत वाईट गेला. पेचेनेग राजधानीच्या परिसरापर्यंत आले. त्याच वेळी स्मिर्ना येथे चाका नावाचा तुर्की सरदार आरमार बांधून एजियन समुद्रातील बेटे घेत होता आणि पेचेनेगांशी संधान बांधत होता. हा चाका तरुणपणी कॉन्स्टँटिनोपलमध्ये कैदी म्हणून राहिलेला, दरबारी किताब मिळवलेला माणूस. अलेक्सिओस गादीवर आला तेव्हा त्याची ती प्रतिष्ठा गेली होती. शहराला जमिनीकडून आणि समुद्राकडून एकाच वेळी कोंडण्याचा बेत ज्याने आखला, त्याला शहर आतून ठाऊक होते.

अलेक्सिओसने तेच केले जे त्याने हेन्रीच्या बाबतीत केले होते. पेचेनेगांहूनही पलीकडचे कुमान बोलावले. आन्ना त्यांचा आकडा चाळीस हजार देते. मध्ययुगीन आकडे आहेत, घासून पाहावेत. हे लोक ऐनवेळी कोणत्या बाजूला जातील याची खात्री नव्हती, म्हणून मेजवान्या झाल्या, भेटी झाल्या, ओलीस घेतले गेले. २९ एप्रिल १०९१ रोजी लेवूनिऑन येथे लढाई झाली आणि पेचेनेगांचा प्रचंड संहार झाला. पेचेनेग बायकामुलांसह छावणी घेऊन आले होते, आणि तीही त्यात सापडली. त्या रात्री सैनिकांनी कैद्यांची कत्तल केली. ती सम्राटाच्या इच्छेविरुद्ध झाली असे आन्ना सांगते. कुमानांना इतकी धडकी भरली की लुटीतला आपला हिस्साही न घेता ते अंधारातच निघून गेले. डाव सावरला असे आपण लिहितो त्या वाक्याखाली हेही पडलेले असते.

पुढच्याच वर्षी, १०९२ मध्ये, नाणे सुधारले. हायपरपायरॉन नावाचे सुमारे साडेवीस कॅरेटचे नवे सुवर्णनाणे निघाले आणि पुढे शतकाहून अधिक काळ त्याची पत टिकली. मला हा क्षण लेवूनिऑनहून मोठा वाटतो. लढाई भाडोत्री माणसांकडून जिंकता येते. नाणे चांगले पाडायचे तर वसुली लागते, हिशेब लागतो, आणि उद्याही हेच राज्य असेल असा बाजाराचा विश्वास लागतो.

या साऱ्यात राज्याचे रूपही पालटत होते. भाऊ, मेहुणे, जावई यांच्यासाठी नवे किताब निर्माण झाले, वरच्या जागा एका घराण्यात वाटल्या गेल्या. रोख पगाराऐवजी एखाद्या भागाचा महसूल लावून देण्याची पद्धत रुजू लागली. मराठी वाचकाला ‘सरंजाम’ म्हटले की ती चटकन कळेल. पुढे झोनारास या इतिहासकाराने आक्षेप घेतला, की हा सम्राट राज्याचा विश्वस्त म्हणून वागला नाही, मालक म्हणून वागला. आक्षेप खोटा नाही. परंतु आधीची दहा वर्षे पाहता, बंड न करणारी माणसे त्याला घराबाहेर कोठे मिळाली असती, याचे उत्तर झोनारास देत नाही.

पहिल्या धर्मयुद्धाची हकिकत सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात. १०९५ मध्ये अलेक्सिओसच्या वकिलांनी पोपकडे भाडोत्री स्वारांची मदत मागितली आणि आली ती अख्खी लाट, तीत बोहेमंडही. निकियाला वेढा पडला. १९ जून १०९७ च्या सकाळी धर्मयोद्धे अखेरच्या हल्ल्याला सिद्ध झाले, तर तटावर सम्राटाचे निशाण फडकत होते. त्याच्या माणसांनी आतल्या तुर्कांशी परस्पर बोलणी केली होती. पश्चिम आनातोलियाचा किनारा परत आला. मधले पठार मात्र कधीच आले नाही. तेथे तुर्कांचे राज्य कोन्याला स्थिरावले.

१०९८ मध्ये धर्मयोद्ध्यांनी अँटिऑक घेतले आणि बोहेमंड तिथला राजा होऊन बसला. पुढे तो पश्चिमेत गेला, नवे सैन्य जमवले, आणि १०७ च्या पुढे एक आकडा घालावा तसा इतिहास परत फिरला : ११०७ च्या शरदात तो त्याच किनाऱ्यावर उतरला आणि त्याने डिर्राखिऑनलाच वेढा घातला. सव्वीस वर्षांपूर्वीचा पट जसाच्या तसा. अलेक्सिओस आता पन्नाशीत होता, आणि या वेळी त्याने वृद्धांचे ऐकले. वृद्ध तो स्वतःच होता. त्याने लढाई दिलीच नाही. डोंगरातल्या खिंडी बंद केल्या. जहाजांनी समुद्र बंद केला. बोहेमंडच्या सरदारांना उद्देशून, जणू आधीच संधान बांधलेले असावे अशी पत्रे लिहून ती बोहेमंडच्या हाती पडतील अशी व्यवस्था केली. उपासमार आणि रोगराईने नॉर्मन छावणी खंगली. ११०८ च्या सप्टेंबरात देव्होल येथे बोहेमंडने सम्राटाचा मांडलिक असल्याच्या करारावर सही केली. तो अँटिऑकला परत गेला नाही. तिथे मागे राहिलेल्या टँक्रेडने करार मानला नाही, हा भाग वेगळा.

अलेक्सिओस १५ ऑगस्ट १११८ रोजी अंथरुणात मेला. आधीच्या अर्धशतकातील सम्राटांचे शेवट पाहता हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

राहिली व्हेनिसची सनद. मुलगा योआनिस गादीवर आला तेव्हा त्याने ती नव्याने द्यायला नकार दिला. व्हेनिसच्या आरमाराने बेटांवर धाडी घातल्या, आणि ११२६ मध्ये त्याला ती द्यावी लागली. नातू मानुएल याने १२ मार्च ११७१ रोजी साम्राज्यभरातील व्हेनिसवासी एकाच दिवशी कैद केले आणि त्यांचा माल जप्त केला. त्याची भरपाई कित्येक वर्षे थकीत राहिली. १२ एप्रिल १२०४ रोजी चौथ्या धर्मयुद्धाची फौज कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला भिडली ती व्हेनिसच्या जहाजांवरून, आणि भिडली ती गोल्डन हॉर्नच्या बाजूने. त्याच खाडीच्या काठी, सव्वाशे वर्षांपूर्वी, अलेक्सिओसने त्यांना ते तीन धक्के दिले होते.

माझ्या खेळात अजून बाराव्या शतकाची सुरुवात चालू आहे. व्हेनिसशी तह टिकून आहे.